गिझरवरची लाल खूण

८ डिसेंबर, रविवार

व्यायाम करून घ्यायला महिन्यातून एकदा येणाऱ्या मॅडमनी सांगितलं की सुनंदाचं रोज लिहून ठेवत जा. किती खाल्लं, किती झोपली, उजवा हात हलला का. म्हणून ही डायरी. एसटीच्या वर्कशॉपात मी एकतीस वर्षं गाड्यांचं रजिस्टर लिहिलं. दोष, कारण, उपाय. बायकोचं रजिस्टर लिहायची पाळी येईल असं वाटलं नव्हतं.

तर दोष: उजवी बाजू गेली. हात, कंबर, पाय. त्या बाजूला चिमटा काढला तरी तिला कळत नाही. वाचा गेली. एकच शब्द शिल्लक आहे, 'हां'. जेवलीस का? हां. दुखतं का? हां. तू धुळ्याची कलेक्टर का? हां. डॉक्टर म्हणाले, तिला समजतं सगळं, पण तोंडातून दुसरं काही निघत नाही. कधी उगाच रडेल, कधी उगाच हसेल, मनावर घेऊ नका. कारण: मेंदूत रक्ताची गाठ, दिवाळीच्या आदल्या आठवड्यात. उपाय: वेळ.

सुरुवातीला मी तिला सगळं विचारायचो. आता नाही विचारत. जिचं उत्तर ठरलेलं, तिला विचारून काय करायचं?

खाल्लं: पाऊण भाकरी, दुधात कुस्करून. झोप: बरी. हात: नाही.

१० डिसेंबर, मंगळवार

एकाच दिवशी दोन गाड्या ब्रेकडाउन.

पहिली कमलबाई. ती सकाळी येते, सुनंदाला अंघोळ घालते, दोन वेळचं रांधते आणि दुपारी जाते. तिच्या मुलीचं दुसरं बाळंतपण आहे पारोळ्याला, मुलीची सासू अंथरुणाला खिळलेली, म्हणून हिला पंधरवड्यासाठी जायचं आहे. पोळ्या-भाकरीचं शेजारच्या लोटनच्या घरून होईल, पण अंघोळीचं काय?

"आबा, पंधरा दिन तुम्ही कसं करशात?" ती म्हणाली. "नवीनभाऊले बलाई ल्या."

"काबरं? माले हात नहीत का?"

"हात शेत. पन अक्का बाईमानूस शे, तिले लाज वाटी."

"चाळीस वरीस व्हयनात लगीनले. आते कशानी लाज?"

ती पदर तोंडाला लावून हसली. सुनंदा खाटेवरून बघत होती. हसली की नाही ते कळलं नाही. तिचं तोंड आता एकाच बाजूने हसतं आणि ती बाजू भिंतीकडे होती.

दुसरी गाडी म्हणजे गिझर. गॅसवरचा, मोरीच्या बाहेर भिंतीला टांगलेला, आमच्या मुलाच्या, नवीनच्या लग्नाच्या आधीचा. ज्योत लहान-मोठी करायचं बटण नुसतं गरागरा फिरतं, ज्योत जागची हलत नाही. काजव्याएवढी पेटते. पाण्याचा गारठा जेमतेम मोडतो, आणि बाहेर ही धुळ्याची थंडी.

संध्याकाळी सुरतहून नवीनचा फोन. कमलबाईचं त्याला कुणी सांगितलं देव जाणे. "आबा, आईला इकडे आणतो. लिफ्ट आहे, खाली दवाखाना आहे, दिपमाला दिवसभर घरीच असते. तुम्हीपण या."

तुम्हीपण. त्या 'पण'वर माझं घोडं अडलं. त्याची बायको चांगली आहे, घर चांगलं आहे, पण मला तिथे बसायला एक खुर्ची आणि बघायला एक टीव्ही. आणि सुनंदाने सुरतेला जायचं आणि मी इथे राहायचं, हे तर मला डोक्यात धरताच येत नाही. मी नाही म्हणालो.

"ठीक आहे आबा," तो म्हणाला. "पंधरा दिवस बघू. तुम्हाला जमलं तर आई तिथेच राहू दे. नाही जमलं तर एकोणतीसला, रविवारी, मी गाडी घेऊन येतो. मग वाद नको."

वाद नको तर नको. दुरून सांगणं सोपं असतं. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

११ डिसेंबर, बुधवार

असलमला बोलावलं. पाचकंदीलच्या बाजारात शेगड्या आणि गिझर दुरुस्त करतो, बापापासूनचं दुकान. त्याने गिझरचं झाकण उतरवलं, बॅटरीच्या उजेडात डोकावला आणि मान हलवली.

"आबा, कंट्रोल गेला. आतला स्पिंडल तुटला आहे. हे मॉडेल बंद होऊन जमाना झाला. धुळ्यात काय, जळगावलाही मिळणार नाही. नवा घ्या."

कंट्रोल म्हणजे पितळेचा मुठीएवढा ठोकळा. एका अंगाने पाणी जातं, दुसऱ्या अंगाने गॅस. मधे करंगळीएवढा दांडा, तोच स्पिंडल. बटण फिरवलं की दांडा फिरतो आणि गॅसची वाट कमी-जास्त होते. दांड्याचं डोकं तुटलंय, एवढंच. एवढ्यासाठी अख्खा गिझर भंगारात?

मी म्हणालो, "असलम, भंगारात निघालेली गाडी मी बिजासन घाट चढवली आहे. स्पिंडल मी बनवतो."

"बनवा. पण गॅसचे जोड मीच लावणार. गॅससे मजाक नहीं, आबा."

ते मला पटलं. तो ठोकळा कागदात गुंडाळून मी घरात घेतला आणि सुनंदाला दाखवला. "हां," ती म्हणाली.

१३ डिसेंबर, शुक्रवार

मालेगाव रोडच्या लेथवाल्याकडून पितळेचा दांडा सोलून आणला. पुढचं काम कानशीचं. अंगणात उन्हात बसलो. कमलबाई गेल्यावर दुपारी एकला बसलो तो पाच वाजेपर्यंत. चार तास कानस, माप, कानस, माप. चार तास सुनंदा एकदाही आठवली नाही. हे लिहायला नको होतं, पण रजिस्टर खोटं लिहायची सवय नाही.

आत गेलो तेव्हा ती तहानेली होती. तांब्या उजव्या बाजूला राहिला होता, तिकडचा हात चालत नाही. मी पाणी दिलं. वाईट वाटायला हवं होतं. दिवाळीपासून मला कशाचं फारसं काही वाटतच नाही. दवाखान्यात सगळे रडत होते, नवीन तर लहान पोरासारखा. मी मात्र पावत्या, रिपोर्ट, गोळ्यांच्या चिठ्ठ्या नीट फाइलला लावत होतो. लोकांना वाटलं, आबा खंबीर आहेत.

कापडावर रक्त दिसलं तेव्हा समजलं की बोट कापलंय. बऱ्यापैकी खोल होतं. जुने हात असेच असतात, तक्रार करत नाहीत.

१४ डिसेंबर, शनिवार

काम फत्ते.

असलमने कंट्रोल बसवला, जोडांवर साबणाचा फेस लावून गळती बघितली. नाही. पेटवला. मी बटण फिरवलं, ज्योत बैलासारखी आज्ञेत. लहान, मध्यम, मोठी. असलमने स्पिंडलकडे बघून "वा आबा" म्हटलं, आणि तो उगाच म्हणणाऱ्यातला नाही.

आता एकच राहिलं. बटण मी एका जुन्या बसच्या वायपरचं लावलं आहे, त्यावर आकडे नाहीत. कुठे फिरवलं की किती गरम, हे ठरवायला हवं. सोपं आहे. वर्कशॉपात गाडी फेरीवरून आली की मी चाकाच्या ड्रमला हात लावून सांगायचो कोणता ब्रेक धरतोय. पोरं यंत्र लावून बघायची आणि माझंच बरोबर निघायचं. धारेखाली हात धरला. कोमट. थोडं वाढवलं. अजून कोमट. अजून वाढवलं. तिसऱ्यांदा वाढवलं तेव्हा कुठे उबदार लागलं. तिथे तेलरंगाने लाल खूण केली. ही सुनंदाच्या अंघोळीची खूण. खुणेवर बटण आणायचं, बादली भरायची, वरून विसणाचं गार पाणी घालायची भानगड नाही.

असलमने धारेला बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. "आबा, इसमें तो चाय बनेगी!"

"दुकानात बसून बसून लोण्याचे हात झाले तुझे."

"मजाक नाही करत. कमी करा. नाही तर विसण तरी घाला."

"अरे, बादलीत पडून अंगावर जाईपर्यंत निम्मं गारठतं. थंडी बघ."

तो हात पुसत राहिला. जाताना पुन्हा एकदा बटणाकडे बघितलं. मला वाटतं त्याला नवा गिझर विकता आला नाही याची चुटपुट असावी. चांगला माणूस आहे, पण शेवटी दुकानदार.

१६ डिसेंबर, सोमवार

काल कमलबाई गेली. आज पहिली अंघोळ माझ्या हातची.

सुनंदाला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं. मी तिच्या उजव्या बाजूला उभा राहिलो, ती बाजू सावरावी लागते. बादली खुणेवर भरली. हात घालून बघितलं, ठीक. पहिला तांब्या उजव्या खांद्यावर ओतला, ती शांत. दुसरा पाठीवर गेला आणि ओघळ डाव्या बाजूला गेला तशी ती शहारली. डाव्या हाताने माझं मनगट धरलं, केवढी ताकद त्या हातात! "हां हां हां हां." आणि रडायला लागली.

डॉक्टरांनी सांगितलेलं होतं, उगाच रडेल. मी म्हटलं, झालं झालं, थंडी वाजली का? चांगली बाजू हुशार असते, तिला वारा लागतो. म्हणून मग डावीकडे कमी आणि उजवीकडे जास्त असं पाणी घातलं. उजवीकडे ती अगदी शांत बसते. वाफेने मोरी भरून गेली होती, हिवाळ्यात अशी वाफ बरी वाटते.

अंग पुसलं, लुगडं नेसवता येत नाही म्हणून गाऊन. केस मी विंचरले. भांग वाकडा झाला.

नवीनला फोन करून सांगितलं, अंघोळ एकदम व्यवस्थित. तो म्हणाला, "बरं झालं आबा." आवाजात जरा निराशा होती की मलाच तसं ऐकायचं होतं?

खाल्लं: अर्धी भाकरी. हात: नाही.

१७ डिसेंबर, मंगळवार

अंघोळ झाली. पुन्हा रडली. उजव्या मांडीवर आणि कंबरेवर लाली आली आहे. गरम पाण्याने रक्त फिरायला लागलं असणार, मॅडम म्हणतातच की शेक चांगला. मला बरं वाटलं. बरं वाटलं म्हणजे वाटायला पाहिजे असं वाटलं.

१८ डिसेंबर, बुधवार

लोटनने गल्लीत भरिताची वांगी भाजली. कपाशीच्या काड्यांचा जाळ, त्यावर हिरवी वांगी, वरची साल कोळसा होईपर्यंत. बायका वाट बघत होत्या जरा निवायची. मी बसलो आणि जाळातून काढलेलं वांगं हातावर घेऊन सोलायला लागलो. एक, दोन, सात वांगी. पोरं डोळे फाडून बघत होती.

"आबा, तुमना हात शेत का चिमटा?" लोटन म्हणाला.

मी म्हटलं, एकतीस वर्षांचे सायलेन्सर आहेत या हातांत. सगळे हसले. मीही हसलो. दिवाळीनंतर पहिल्यांदा चार माणसांत बसलो होतो.

भरीत घेऊन घरी आलो. सुनंदाला ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीबरोबर भरवलं. दोन घास घेतले आणि तोंड फिरवलं. भरीत नको म्हणणारी सुनंदा मी या जन्मात पाहिली नव्हती.

घरी आल्यावर बघतो तर एका पायात चप्पल नाही. गल्लीतच कुठेतरी निसटली आणि मी तसाच चालत आलो. वय झालं.

१९ डिसेंबर, गुरुवार

आज तिने तांब्या फेकला.

मी तांब्या भरून बादलीजवळ ठेवला होता. तिने डाव्या हाताने उचलला आणि भिंतीवर मारला. पाणी माझ्या पायावर सांडलं. नंतर खुर्चीवरच अंग चोरून बसली आणि माझ्याकडे बघितलं. असं बघणं मी आधी कधी पाहिलं नाही. मी म्हटलं, "काय झालं तुला? एवढं सगळं तुझ्यासाठी करतो ना मी?"

"हां," ती म्हणाली.

स्वभाव बदलतो म्हणतात या आजारात. मला राग आला नाही, पण लागलं. माझ्या हातचं पाणी तिला नको झालं. कमलबाईच्या हातचं चालतं, माझ्या हातचं नाही. कदाचित पाणी पुरेसं गरम लागत नसेल, मोरीत गारवा फार आहे. उद्या खुणेच्या एक बोट पुढे घेईन.

खाल्लं: नाही. झोप: कण्हत होती.

२० डिसेंबर, शुक्रवार

उजव्या मांडीवर दोन मोठे फोड. कंबरेवर एक फुटलेला. पडून पडून होतात तसले असतील, मॅडमनी सांगितलं होतं कूस बदलत जा म्हणून. मी दर दोन तासांनी बदलतोय, डायरीत खुणा आहेत, तरी झालेच. खोबरेल लावलं.

खोबरेल लावताना बघितलं, माझ्याही मधल्या बोटावर आणि अंगठ्यावर फोड आहेत. वांग्याचे असतील. दुखत नाहीत.

अंघोळीला उचलायला गेलो तेव्हा तिने खाटेचा लोखंडी गज धरला आणि सोडेना. बोटं एकेक करून सोडवली. आज तिला अंघोळ घातली नसती तर चाललं असतं. पण एक दिवस चुकला की दुसरा चुकतो आणि नवीन म्हणेल, बघा, जमलं नाही.

२१ डिसेंबर, शनिवार

लिहितो. जसं झालं तसं लिहितो.

कमलबाई सकाळीच आली. तिच्या मुलीला मुलगी झाली होती, पेढे द्यायला आणि स्वतःचे कपडे न्यायला एका दिवसासाठी धुळ्याला आली होती. मी बादली भरत होतो. ती म्हणाली, "आबा, तुम्ही सरका, मी घालस आज अंघोळ." मी सरकलो. तिने सवयीने बादलीत हात घातला.

किंकाळी फोडून हात काढला.

"आबा! हाई पानी शे का आग?"

मी म्हणालो, कोमट आहे. आणि दाखवायला माझा हात बादलीत घातला. कोपरापर्यंत. मला खरंच कोमट लागत होतं. कमलबाई माझ्या तोंडाकडे बघत होती, नंतर माझ्या हाताकडे. हात पाण्यात लाल होत चालला होता. तिने माझं मनगट धरून हात बाहेर ओढला.

मग ती आत पळाली. सुनंदाचा गाऊन वर केला. मी दारात होतो.

"अक्काले भाजी टाकं तुम्ही," ती म्हणाली. ओरडली नाही. हळू म्हणाली.

रिक्षाने दवाखान्यात नेलं. मांडी, कंबर, खांद्यामागे भाजलेलं. सगळं उजव्या बाजूला, जिथे तिला कळत नाही. डावीकडे नुसती लाली. डावीकडे तिला कळत होतं. सोमवारपासून कळत होतं.

२२ डिसेंबर, रविवार

डॉक्टरांनी काल सुनंदाचं ड्रेसिंग झाल्यावर मला बसवून घेतलं. साखर किती वर्षं? चौदा. गोळ्या नियमित? बहुतेक. पायमोजे काढा. तळव्याला खिळ्याचं भोक होतं, कधीचं कोण जाणे. म्हणाले, डोळे मिटा, मी हाताला आणि पायाला टोचतो, कळलं की सांगा.

मी डोळे मिटून बसलो. बराच वेळ झाला. मी म्हणालो, "डॉक्टर, करा सुरू."

ते म्हणाले, "झालं."

साखरेने नसा मेल्या आहेत. हळूहळू मरतात, म्हणून माणसाला पत्ता लागत नाही. गरम, गार, टोचणं, काही नाही. औषधाने पुढचं थांबेल, गेलेलं परत येईलच असं नाही.

मला वाटलं, आता तरी रडू येईल. आलं नाही. औषधांच्या चिठ्ठ्या फाइलला लावल्या.

नवीनला फोन मीच लावला. कमलबाई म्हणाली मी सांगते, मी म्हटलं नको.

"नवीन, मी तुझ्या आईला भाजलं."

त्याने विचारलं, "किती?"

"तळहाताएवढ्या तीन जागा. बऱ्या होतील म्हणतात. पाणी कढत होतं आणि मला कळलं नाही. असलमने सांगितलं होतं. मी ऐकलं नाही."

"आणि आई? आई काही म्हणाली नाही?"

"म्हणाली ना," मी म्हणालो. "हां म्हणाली."

तो फोनवर रडायला लागला. मी धरून ठेवला फोन. त्याचं झाल्यावर म्हणालो, "एकोणतीसला ये. घेऊन जा तिला. वाद नाही."

२३ डिसेंबर, सोमवार

कमलबाई पारोळ्याला परत गेली नाही. व्याह्यांकडची एक बाई तिथे राहायला तयार झाली म्हणे. सुनंदासमोर जात नाही मी फार. दारातून बघतो.

२६ डिसेंबर, गुरुवार

असलम आला. त्याला कुणीतरी सांगितलं असणार. मी म्हटलं, काढून ने तो गिझर, भंगारात टाक. त्याने गुपचूप झाकण उघडलं. खिशातून काचेचा थर्मामीटर काढला, मिठाईवाले दुधाला वापरतात तसला. ज्योत कमी करत गेला, पाणी बघत गेला. मग कंट्रोलच्या आत एक अडसर बसवला. आता कुणी कितीही जोर लावला तरी बटण त्यापुढे जात नाही. माझी लाल खूण त्याने चाकूने खरवडली.

"आबा, काम तुमचं चांगलं होतं," तो म्हणाला. "स्पिंडल एक नंबर. फक्त खूण चुकली."

मी म्हटलं, "तू सांगितलं होतंस."

"मी जोरात सांगायला पाहिजे होतं," तो म्हणाला आणि तिथेच मोरीच्या पायरीवर बसला. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. कमलबाईने चहा आणला. त्याने माझा कप आधी स्वतः धरून बघितला आणि मग माझ्या हातात दिला.

२७ डिसेंबर, शुक्रवार

जखमांना पाणी लावायचं नाही, म्हणून कमलबाई ओल्या कपड्याने अंग पुसते. मी दाराशी उभा होतो. तिने बादली सुनंदाजवळ सरकवली आणि आधी सुनंदाचा डावा हात उचलून पाण्यात बुडवला. सुनंदाने हात काढून घेतला. कमलबाईने गार पाण्याचा तांब्या ओतला. पुन्हा हात. या वेळी सुनंदाने हात पाण्यात ठेवला, काढला नाही, बोटं हलवली. मग कमलबाईने कपडा भिजवला.

"हे कधीपाईन करस तू?"

"पयलेपाईनच. अक्काले तोंड नही, पन हात शे ना."

दीड महिना हे रोज माझ्या घरात होत होतं. मी बाहेर पेपर वाचत असायचो. तिच्याकडे उत्तर होतं आणि मी फक्त तोंडाला विचारत होतो. नंतर तर विचारतही नव्हतो. मनगट धरलं, तांब्या फेकला, गज धरला, हे सगळं तिने हातानेच सांगितलं होतं. त्याहून स्पष्ट माणसाने काय सांगायचं?

आज छातीत काहीतरी दुखलं. डॉक्टरांना सांगायचं दुखणं नाही.

२९ डिसेंबर, रविवार

नवीन सकाळी दहाला गाडी घेऊन आला. माझ्या पाया पडला. मला वाटलं होतं बोलेल, शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. त्याने फक्त माझे दोन्ही हात उलटेपालटे करून बघितले आणि सोडले.

कमलबाईने सुनंदाची पिशवी भरून ठेवली होती. पाच साड्या, गाऊन, औषधं, देवीचा फोटो. पिशवी खाटेवर तिच्या पायाशी. नवीन तिच्याजवळ बसला.

"आई, निघायचं ना सुरतला?"

"हां," ती म्हणाली.

नवीनने माझ्याकडे बघितलं, झालं म्हणून. तो उठणार तेवढ्यात मी म्हणालो, "थांब. असं विचारू नकोस तिला. तोंडाला 'हां' शिवाय काही येत नाही. तिच्या हाताला विचार."

"म्हणजे काय करू आबा?"

मलाही माहीत नव्हतं. मी पिशवी उचलली आणि तिच्या डाव्या हाताजवळ ठेवली. मी म्हणालो, "सुनंदा, तू सुरतला गेलीस तर तिथे चांगलं बघतील. इथे राहिलीस तर कमलबाई आहे आणि मी आहे, आणि माझे हात कसे आहेत ते तुला माहीत आहे. मी तुला कधी विचारलं नाही. आता विचारतो."

ती पिशवीकडे बघत होती. मग तिने चेन धरली. एका हाताने चेन उघडणं सोपं नसतं, पिशवी सरकत होती. नवीन मदतीला वाकला, मी त्याचा खांदा धरला. चेन उघडली. तिने आत हात घातला आणि एक साडी काढून खाटेवर ठेवली. मग दुसरी. नवीन उभा राहिला, खिडकीकडे तोंड करून. तिसरी साडी फोटोत अडकली होती, ती ओढताना तिला घाम फुटला.

नवीन बाहेर गेला. ड्रायव्हरला सांगत होता, आज मुक्काम इथेच, गाडी सावलीत लाव.

चौथ्या साडीला ती दमली. हात पिशवीत तसाच ठेवून तिने माझ्याकडे बघितलं. मग उरलेलं मी काढलं.